नातीच्या शिक्षेसाठी अनुदान

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते, कारण कागदावरची चूक पोलीस ठाण्याचा प्रमुख असलेल्या मला दिसली नव्हती.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातले एक आजोबा दुपारी ठाण्यात आले. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे महूचे, पण नोकरी मराठी पलटणीत झाल्यानं मराठी अगदी शुद्ध. हातात दिल्लीच्या कुठल्याशा खात्याचा शिक्का मारलेलं मराठी पत्र. नातीला नर्सिंगसाठी सरकारी अनुदान मंजूर झालंय, आधी ‘फाइल चार्ज’ भरा. सुनेनं तो सकाळीच भरला होता. शिवणकाम करून तिनं लेकीच्या प्रवेशाची फी साठवली होती, ती सगळी गेली. आणि कॉलेजची मुदत संपायला उरले होते आठ दिवस.

मी पत्र दोनदा वाचलं. सरकार पैसे द्यायला आधी पैसे मागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण कागद मात्र पक्का वाटत होता.

आजोबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, हे काय लिहिलंय? ‘मुलीच्या शिक्षेसाठी अनुदान’. आमच्या पोरीनं गुन्हा काय केला?"

मी कपाळावर हात मारला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आम्ही इंदूरचे मराठी लोक सर्रास तसंच बोलतो, म्हणून मला ते खटकलंच नाही. बाकी मराठी अस्सल आपल्याकडची, म्हणजे हे पत्र दिल्लीचं नव्हतं, आपल्याच गावच्या मराठी माणसानं लिहिलेलं होतं.

आधी सायबर शाखेला आणि बँकेला कळवलं. तक्रार त्याच दिवशी आली म्हणून रक्कम जिथे गेली त्या खात्यातच रोखता आली; खातं मात्र भाड्यानं घेतलेलं, भलत्याच्याच नावाचं. मग सुनेला बोलावून विचारलं, लेकीचे कागद कुणाकुणाला दिले होते? फक्त गल्लीतल्या ऑनलाइन सेंटरवाल्याला, खऱ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना.

सेंटरवाला हसतच आला, इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, मैं तो बस फॉर्म भरता हूँ." दरडावलेला माणूस सावध होतो, चहा पाजलेला बोलतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. चहा मागवला, घरच्या गप्पा काढल्या, तोही मराठीच निघाला. सहज विचारलं, किती शिकलास रे?

"साहेब, माझी शिक्षा बीकॉमपर्यंत झाली."

मी ते पत्र त्याच्यापुढे सरकवलं. गड्याचा कप हातातच राहिला.

एका शब्दावर कोर्टात केस टिकत नाही, अर्धं इंदूर तसंच बोलतं. पण पंचांसमक्ष त्याचा कॉम्प्युटर तपासला, तेव्हा पत्राचा मसुदा निघाला आणि फॉर्म भरलेल्या साऱ्या मुलींची यादीही. संध्याकाळी स्वारी लॉकअपमध्ये होती. आम्ही कोर्टात खेटे घातले आणि सातव्या दिवशी सुनेच्या खात्यात पैसे परत आले.

एक गोष्ट तेव्हा पक्की शिकलो. फसवणारा दूरचा असतो असं नाही. ज्याच्या हाती आपले कागद गेले, तिथून शोध सुरू करावा. आणि सरकारी म्हणून आलेला कागद घरातल्या जाणत्या माणसाला वाचायला द्यावा, साहेबाला दिसत नाही ते त्याला दिसतं.

आठव्या दिवशी सकाळी आजोबा नातीला घेऊन आले, हातात पोहे-जलेबीचा पुडा. कडक सॅल्यूट ठोकून म्हणाले, "साहेब, पोरीला चार वर्षांची शिक्षा झाली. आजच फी भरली."