न फुटलेली अंडी

मी सांगितलं तेव्हा कुणी मानलं नाही. तोंडाची फटकळ ना मी! गोड बोलणारीचं खोटंही पटतं. कोऱ्हाळ्याच्या कालव्याकाठी आमची तीन घरं. आम्ही बायका धुणं धुताना कोंबड्यांच्याच गोष्टी बोलायचो, आणि त्या अंगणातल्या पिसांसारख्या साचायच्या. झाडाव्या तेवढ्या कमीच.

*

आमचा जुना कोंबडा पाव्हण्यांच्या ताटात गेला. मग शेजारच्या गजराकाकूंनी इंदापूरच्या बाजारातून नवा आणला. तुरा असा, की मामलेदारच वाटावा! तो आरवला की कालव्यापलीकडची कुत्री उठायची. "चांगल्या घराण्याचा हाय," काकू म्हणायच्या. कोंबड्याचं घराणं कुणी बघितलंय? पण तिन्ही घरच्या कोंबड्यांना मिळून हा एकच.

*

पुढं उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालची तिन्ही घरची अंडी फुटेनात. दिवस भरले, फोडून बघितली, तर आत नुसतं पाणी. ती बसवली होती काकूंच्या सुनेनं, इंदूनं. लग्नाला वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. झालं! आमच्याकडं अंडी बसवायची ती लेकुरवाळीनं. काकू म्हणाल्या, वांझेचा हात लागला. लेकाला, बबनला, दुसरी करायची, डाळज गावची पोरगी हेरून ठेवलीय, हेही त्यांनी धुणं पिळता पिळता सांगून टाकलं. इंदू शेजारीच होती. लुगडं आपटत राहिली.

*

मी म्हटलं, खोट हातात की अंड्यात, ते आधी बघू.

"चौथी शिकलीस म्हणून मास्तरीण झालीस व्हय गं सोने?"

चौथीत कोंबडी नव्हती, हे खरं. तरी माळेगावला बहिणीकडं गेले. तिची अंडी आणून इंदूच्या हातानं आमच्या कोंबडीखाली बसवली. आमची तिन्ही घरची अंडी कोळशाची खूण करून बहिणीच्या कोंबडीखाली ठेवली. तिथं हात लावणार कोण, तर पोराबाळांची आई.

*

काकूंनी गुपचूप आमच्या कोंबडीच्या डालग्यात लिंबू ठेवलं. मी त्याचं सरबत केलं. काकू भडकल्या. मी म्हटलं, "उद्या पिल्लं निघाली तर तुमी लिंबानंच निघाली म्हणाल. मग इंदूला काय?"

सरबत मात्र त्याही प्याल्या.

*

इंदूनं बसवलेली अंडी फुटली. अंगणभर चिवचिवाट. माळेगावला आमच्या खुणेच्या अंड्यांचं पाणीच. मग काकूंनी आमच्या कोंबड्यांना नावं ठेवली. मी विचारलं, तिन्ही घरच्या कोंबड्या एकदम बिघडल्या? राहिला कोण?

मामलेदाराला डालग्याखाली कोंडलं आणि बहिणीचा एकडोळ्या, पिसं झडलेला कोंबडा आणला. "ह्यो? ह्यो काय दिवं लावनार?" काकू म्हणाल्या. महिना-दीड महिन्यानं आमच्याच कोंबड्यांची, आमचीच अंडी फुटली. काकूंनी पिल्लं दोनदा मोजून बघितली.

*

तेवढ्यात डाळजचे पाव्हणे आले. मी काकूंकडं चहाची कपबशी द्यायला गेले होते, तिथंच उभी राहिले. इंदू दाराआड. बबन बाजेवर मिशीला तूप लावत बसलेला.

पाव्हणे म्हणाले, "मग कधी येताय पोरगी बघायला?"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "खोट कुणात हाय ते कळल्याबिगर दुसऱ्याची लेक आणून काय करू?"

"सुनेतच की. दुसरं कोण असनार?"

काकूंनी बशी खाली ठेवली. बाजेकडं बघितलं.

"बबन," त्या म्हणाल्या.