बाजरीच्या बिअरचा फेस

ग्लास टेबलावर होता आणि आम्ही तिघं वाकून त्याच्याकडे बघत होतो. वर दोन बोटं पांढरा फेस. बघता बघता त्यातले बुडबुडे मोठे झाले, फुटले आणि फेस गेला. खाली उरली नुसती सोनेरी, सपाट बिअर.

"बघितलंत ना शिंदे?" अभिजितराव म्हणाले. "आठवडाभर हेच चाललंय. बाजरी कॅन्सल. पुण्याच्या बिअर फेस्टिव्हलला आपली गव्हाची जाणार."

अभिजितराव म्हणजे ब्रूअरीचे मालक. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्या घरातला माणूस, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. तिसरी प्रज्ञा साळवे, तिथली ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारी. ग्लास उचलून तिनं खिडकीच्या उजेडात धरला आणि परत खाली ठेवला.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं हा बाबा तिथे प्यायला गेला होता. मी मूळचा रेफ्रिजरेशनवाला. राहुरी, देवळाली प्रवरा भागात दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पुढे पुण्याच्या बाजूला छोट्या ब्रूअऱ्या निघायला लागल्या आणि मी ड्राफ्टच्या कामात शिरलो. टाकीतली बिअर थंड पाइपातून नळापर्यंत आणायची, नळातून नीट ग्लासात पाडायची, याला ड्राफ्ट म्हणतात. टाकीच्या आत काय शिजतं ते ब्रूअरचं. टाकीपासून ग्लासापर्यंतचा रस्ता माझा.

ही ब्रूअरी पुणे रोडवर, सुप्याच्या जरा पुढे, पारनेरच्या माळावर. रविवारी नगरहून, पुण्याहून माणसं येतात. प्रज्ञा त्यांना टाक्या दाखवते, भाजलेलं धान्य चावून बघायला देते, हॉप्स हातावर चोळून वास घ्यायला लावते. हॉप्स म्हणजे ती कडवट वासाची सुकी फुलं, बिअरला कडूपणा देतात ती. नुसती रिचवायला आलेली माणसंसुद्धा तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखी गुमान उभी राहतात. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि मला त्या पोरीचं फार कौतुक आहे.

प्रज्ञा पारनेर तालुक्यातलीच. वडील शाळेत शिक्षक. नगरला मायक्रोबायॉलॉजी केलं, मग एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला होती, तिथून इथे आली. पण इथल्या नळांवरच्या सगळ्या रेसिपी बंगलोरच्या एका कन्सल्टंटनं लिहून दिलेल्या. ती फक्त बनवायची. बाजरीची बिअर तेवढी तिची स्वतःची. धान्य इथलंच, पारनेरचं. तिनंच ते भिजवलं, मोड आणले, वाळवलं, मंद भाजलं. अभिजितरावांनी शब्द दिला होता की फेस्टिव्हलला ही चालली तर कायमचा एक नळ हिला, आणि पुढच्या रेसिपी प्रज्ञाच्या. नाही चालली तर आहे तेच पुढे चालू.

आणि फेस्टिव्हल भरवणाऱ्या बाई त्याच संध्याकाळी पुण्याहून चव घ्यायला येणार होत्या. नव्या ब्रूअरीनं एकच बिअर आणायची, ती आधी त्या पिऊन बघणार, असा त्यांचा रिवाज.

आता फेस गेला तर एवढं काय बिघडलं? आपल्याकडे फेस दिसला की लोकांना वाटतं दुकानदारानं ग्लास अर्धा भरून फसवलं. तसं नसतं हो. बिअरचा निम्मा वास फेसातून नाकात जातो. फेस बसला की जाणकार माणूस ग्लास तोंडाला लावायच्या आधीच नाक मुरडतो.

अभिजितरावांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. बाजरीत तेल जास्त. पीठ जास्त दिवस ठेवलं की कडू होतं ते त्यामुळेच, हे कुठल्याही घरात माहीत आहे. आणि तेल नि फेस यांचं हाडवैर. शेजारच्या नळावरच्या गव्हाच्या बिअरचा फेस ताठ उभा राहत होता. मग सगळं खापर बाजरीवर फुटलं तर नवल नाही. मलाही आधी तसंच वाटलं.

अभिजितराव फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "काका, दोष बाजरीचा असेल तर असू दे, मी मान्य करीन. पण तेल चोथ्यात आणि गाळात राहतं, आणि गाळ मी पुढे येऊ देत नाही. मग हे येतंय कुठून? मला फक्त कारण कळलं पाहिजे."

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

"तुम्ही आधी बघा."

इतक्यात दत्तूनाना माझी टूलबॅग गाडीतून घेऊन आत आले. नाना तिथले मेंटेनन्सचे माणूस, देवळाली प्रवराचे. दुधाच्या प्लान्टमध्ये केस पांढरे केलेले, तेव्हापासून माझ्या ओळखीचे. त्यांच्या हाताखालच्या टाक्यांत बघून दाढी करावी इतक्या त्या लख्ख. स्वतः बिअरच्या थेंबालाही शिवत नाहीत.

"शिंदेसाहेब, नीट बगा बरं का," ते म्हणाले. "पोरीनं लई जीव लावून केलीया. बाकीच्याचं ऱ्हाऊ द्या, आदी हिचं बगा."

मी कामाला लागलो. पहिला संशय नेहमी ग्लासावर घ्यायचा. ग्लासाला तेलकटपणा असेल तर कुठलीही बिअर झोपते, आणि आपल्या किचनमध्ये मसाला शेंगदाणे नि ग्लास एकाच सिंकमध्ये जातात. याची परीक्षा सोपी आहे. ग्लास ओला करायचा आणि आत मीठ भुरभुरायचं. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. मीठ सारखं चिकटलं.

मग गॅसचं प्रेशर बघितलं. बरोबर. पाइपातलं तापमान, तेही बरोबर. चिलर तर मीच बसवलेला, तो बिघडला असता तर मला तोंड दाखवायला जागा नसती.

"टाकीवरून काढून बघितलीस का?" मी प्रज्ञाला विचारलं.

"रोज काढते. पण साखर मोजायच्या आधी सॅम्पल हलवून त्यातला गॅस घालवावा लागतो. फेस त्यात कळत नाही."

म्हणजे फेस बघायचा तर ग्लास, आणि ग्लास भरायचा तर नळ. सगळ्यांनी फेस बघितला होता तो फक्त नळावर. टाकीला खाली सॅम्पल घ्यायची एक बारीक तोटी असते. मी तोच स्वच्छ ग्लास तिथे तिरका धरला आणि हळूहळू भरला. बाजरीच्या बिअरवर फेस चढला, सायीसारखा घट्ट. आम्ही बघत बसलो. तो काही हलेना.

प्रज्ञानं माझा दंड धरला. "काका, ही माझीच बिअर आहे ना?"

"मग काय माझी?"

अभिजितरावांना आत बोलावलं. आता टाकी संशयातून सुटली होती, उरला पाइप आणि नळ. त्यांना बोलून सांगण्यात अर्थ नव्हता, असल्या माणसाला दाखवावंच लागतं. मी मागचे नट सोडले, गव्हाच्या बिअरचा पाइप बाजरीच्या नळाला जोडला आणि नळ ओढला.

"ही तुमची गव्हाची," मी म्हणालो.

फेस आला, बुडबुडे मोठे झाले, फुटले, गेला. गहूसुद्धा झोपला. अभिजितरावांनी ग्लास हातात घेतला, फिरवून बघितला, खाली ठेवला. मग शांतपणे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "खोला तो नळ."

नळ खोलला. आत एक रबरी रिंग असते, तिच्यामुळे नळ गळत नाही. ती बोटात धरली आणि बोट सटकलं. मी बोट नाकाशी नेलं आणि कपाळाला हात लावला. तूप होतं. घरी कढवलेलं, जरा खरपूस.

दुधाच्या प्लान्टमध्ये ही जुनी पद्धत आहे. रबर कोरडं पडलं की चिरतं, दूध गळतं. मग जुनी माणसं त्याला बोटानं तूप लावतात. दुधाला तुपाचं काय होणार, तुपाचं माहेरच ते. पण बिअरला ते विष आहे. थंड नळात तूप गोठून चिकटून बसतं आणि प्रत्येक ग्लासाबरोबर कणकण सुटतं. फेस मारायला तेवढं पुरतं.

"नाना," मी विचारलं, "हे तूप कुणी लावलं?"

"मीच की," नाना सहज म्हणाले. "नळ नवा हाय, लई कडक फिरत हुता. ताईच्या हाताला तरास नको म्हनून रोज सकाळी खोलून, पुसून लावतो. घरच्या गाईचं हाय, डालडा न्हाई."

"आणि बाकीच्या नळांना?"

"ते जुने हायेत, फिरत्यात आपले. ह्यो ताईचा, म्हनून."

मग मी त्यांना समजावून सांगितलं, फेस का जातो ते. ऐकता ऐकता नानांचा चेहरा उतरत गेला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"मंग हे समदं म्या केलं व्हय?" ते म्हणाले. "आन् मी रोज हितं हुबा राहून ह्या बाजरीला बोल लावत हुतो."

प्रज्ञा पायरीवर बसली होती. "नाना, आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही," ती म्हणाली. आवाजात राग होता, लपवलाही नाही तिनं. "मला वाटायला लागलं होतं की मला काही येतच नाही."

"चुकलं, ताई."

ती पायरीवरून उठली. "दुसऱ्या कुणाच्या नळाला लावलं असतंत तर चांगली भांडले असते तुमच्याशी. आता माझ्याच नळाला लावलंत, तर भांडू तरी कशी?"

अभिजितरावांना आधी हसू आवरेना. पण मग उठून प्रज्ञासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी फार लवकर कॅन्सल म्हणालो." त्यांच्यासारख्या माणसाकडून हे पुष्कळ झालं.

नळाचे सगळे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळून काढले, पाइप धुतला, रिंग नवी बसवली. या कामाचं वेगळं ग्रीस मिळतं, बिनवासाचं. ते नखावर राहील एवढंच लावलं, आणि नानांच्या हातानं लावलं. त्यांनी इतकं जपून लावलं की मला परत बघावं लागलं नाही.

बाई आल्या त्या ऊन कलल्यावर. बोलायला कमी, नाक तयार. प्रज्ञानं नळ ओढला, ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. नाना दाराआड उभे होते, मला त्यांची फक्त टोपी दिसत होती. फेस चढला आणि थांबला. बाईंनी वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"भाकरी," त्या म्हणाल्या. "तव्यावरून उतरवलेली. काय घातलंय यात?"

"बाजरी. पारनेरची," प्रज्ञा म्हणाली.

बाईंनी अख्खा ग्लास संपवला. काचेवर घोटागणिक फेसाची एकेक कडी उरली होती. हे चांगल्या बिअरचं लक्षण. त्यांनी ग्लास उजेडात धरून त्या कड्या बघितल्या आणि अभिजितरावांना ओलांडून थेट प्रज्ञाला विचारलं, "तुम्ही आणखी काय काय बनवता?"

माझा जीव भांड्यात पडला. मला नगरपर्यंत गाडी चालवायची होती म्हणून मी घोटभरच घेतली. पण खरं सांगतो, धंद्यापायी मी खूप बिअर चाखल्या आहेत, अशी नव्हती चाखली. आधी भाजल्याचा खमंग वास, मग हलका गोडवा, आणि शेवटी जिभेवर बारीकसा कडूपणा. आपल्या मातीतल्या धान्यात हे असतं आणि आपण त्याची फक्त भाकरी करतो, याचं मला वाईट वाटलं.

फेस्टिव्हलला मी मुद्दाम गेलो, या वेळी बसनं. पुण्यात एका मोठ्या लॉनवर दुपारपासून गर्दी. कुठे कॉफी घातलेली काळी बिअर, कुठे कोकमाची आंबट, कुठे आंब्याची. लोक घोटघोट घेऊन एकमेकांना ग्लास देत होते, बनवणाऱ्यांना प्रश्न विचारत होते. दंगा नाही, आरडाओरडा नाही. मला ते फार आवडलं. सगळ्यात मोठी रांग आमच्या बाजरीला होती, आणि नळावर, पांढरी टोपी घालून, दत्तूनाना. प्रज्ञानंच त्यांना हट्टानं आणलेलं.

चष्मेवाला एक तरुण घरी बिअर बनवणारा निघाला. त्यानं बरोबर नेमकं विचारलं, "काका, बाजरीत एवढं तेल असतं, मग फेस टिकतो कसा?"

"तेल ताई गाळून काडती," नाना ग्लास भरता भरता म्हणाले. "आन् तूप म्या लावायचं सोडलं."

त्या पोराला काही कळलं नाही. प्रज्ञा मात्र हसून हसून खाली बसली.

बाजरीला कायमचा नळ मिळाला. आता प्रज्ञा ज्वारीची बनवते आहे.

मी एवढंच शिकलो. दुरुस्तीच्या कॉलवर गेलो की पूर्वी विचारायचो, कुणी काही बिघडवलंय का? सगळे नाही म्हणायचे. आता विचारतो, इथे कुणी जरा जास्त काळजी घेतलीय का? लगेच कुणीतरी पुढे येऊन कौतुकानं सांगतं.