सोबत कोण?

“एकटी? सात दिवस?”

“पास एकाच्याच नावाचा मिळतो, आई.”

“मग भावाचाही काढ, मुकुलचा. नाहीतर सरळ परभणीला मावशीकडं जा. नुसतं एस.टी.त बसून जायचं कुठं?”

“गाडी जाईल तिथं.”

“गाडी डेपोत धुवायलाही जाते. तिथंही जाशील?”

“जाईन. निघेन जरा धुवून.”

गंगूताईंचा हात सुपातल्या तांदळात थांबला. “अनु, काय झालंय तुला? मे महिन्यापासून बघू राहिले. आलेल्या स्थळासमोर येत नाहीस, धड जेवत नाहीस. कोणी फसवलं का?”

“मला कोणी नाही फसवलं.”

“मग?”

“मीच...” अनुश्रीनं पुढचं गिळलं आणि पिशवीची चेन ओढली.

ही दोन हजार सालची दिवाळीची सुट्टी. अनुश्री हिंगोलीत आमच्या शेजारी राहायची, मी तिला मावशी म्हणायचे. शिरड शहापूरच्या शाळेत ती चौथीला शिकवायची, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. गाडीची तिला सवय होती. पण आपल्या मनानं, एकटीनं, कुठंच गेलेली नव्हती. एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ असा पास मिळायचा. एकदा काढला की सात दिवस वाटेल त्या गाडीत बसा.

मे महिन्यात झालं होतं ते एवढंच. डी.एड.ला तिच्या वर्गात ओमप्रकाश राठोड होता, वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. दोन वर्षं दोघांचा जीव एकमेकांत गुंतलेला, घरी कुणाला पत्ता नाही. त्याला आश्रमशाळेत नोकरी लागली, त्या आठवड्यात तो तिच्या वडिलांशी बोलायला येणार होता. ठरलं होतं असं: दार तिनं उघडायचं आणि म्हणायचं, ‘बाबा, हा ओमप्रकाश.’ तीन शब्द. आरशासमोर तिनं ते दहा वेळा म्हणून पाहिलेले.

दार उघडलं. तो उभा. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

“कोण आहे गं?” तिचे वडील, राधाकृष्णबाबा, देवळातली पूजेची पाळी आटोपून नुकतेच टेकले होते.

“कुणी नाही, बाबा. पाणी मागतोय.”

“बाहेरच्या पेल्यानं दे.”

बाहेरचा पेला जर्मनचा, पोचे पडलेला. तुळशीमागं पालथा असायचा. तिनं तो विसळला, भरला, त्याच्या हातात दिला. हात जरासुद्धा कापला नाही. पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

ओमप्रकाश सगळं पाणी प्यायला. पेला स्वतःच तुळशीमागं नेऊन पालथा घातला.

“उपकार झाले, ताई,” म्हणाला आणि गेला.

ताई! दोन वर्षं त्या एका शब्दात संपली. नंतर ना चिठ्ठी, ना निरोप. तिनंही लिहिलं नाही. काय लिहिणार?

पहिल्या दिवशी कंडक्टरनं पास उलटापालटा करून पाहिला. “सोबत कोण?”

“भाऊ. पुढं बसलाय.”

बीडला गाडी जेवायला थांबली. अनुश्री कोपऱ्यात डबा उघडून बसली, तर समोर तोच कंडक्टर. “ताई, तुमच्या भावाला भूक न्हाई का? का त्यो बी पासवरच जगून राहिला?” आसपासची माणसं खदखदा हसली. तिनं डबा मिटला. इथंही खोटंच.

नगर, सातारा, कोल्हापूर. चौथ्या दिवशी सोलापूरच्या स्टँडवर शेजारी येऊन बसल्या त्या जवळा बाजारच्या सुमनबाई, लेकीकडून परतणाऱ्या.

“संगं कोण हाय, बाई?”

“कुणी नाही.”

शब्द तोंडातून पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. तोच आवाज, तितकाच सहज. ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

“आगं माय! काहून रडू राहिलीस? कुणी गेलं काय?”

“मी एका माणसाला ‘कुणी नाही’ म्हणाले.”

“मंग?”

“तो कुणीतरी होता.”

सुमनबाईंनी फडक्यातला धपाटा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. “मंग मला सांगून काय फायदा? त्याला सांग की.” दोन घास खाल्ल्यावर पुन्हा म्हणाल्या, “आन् संगं कोण इचारलं की कुणी न्हाई म्हनू न्हाई. तू हाईस न्हाई का? का सोताला घरी ठिवून आलीस?”

पुढच्या स्टँडवर हॉटेलवाल्यानं विचारलं, “कोण कोण आहे?”

“मी आहे.”

“म्हणजे चहा किती?”

“एक.”

त्यानंतर अनुमावशी दर सुट्टीत एकटी फिरली. लग्न केलं नाही. मी मोठी झाल्यावर तिनं हे सगळं मला सांगितलं, तेव्हा मी शहाण्यासारखं विचारलं होतं, “मग सात दिवसांत सापडलं काय तुला?”

“एक भित्री बाई,” ती म्हणाली. “अख्ख्या राज्यात माझ्याच सीटवर बसून आली होती.”

त्या पहिल्या प्रवासाच्या सातव्या दिवशी ती नांदेडहून हिंगोलीच्या गाडीत बसली आणि वारंगा फाट्याला उठली.

“पास हिंगोलीपर्यंत चालतो, ताई. मधीच काहून उतरता?”

“इथंच यायचं होतं.”

तांड्यापर्यंत ती चालत गेली. ओमप्रकाश ओट्यावर वह्या तपासत होता. अंगात तोच शर्ट, आता धुऊन धुऊन मऊ पडलेला. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा वहीत पाहिलं.

“त्या दिवशी मी तुला ओळखत होते,” ती म्हणाली. रस्ताभर घोकलेलं बाकीचं सगळं विसरली. “पाणी मागतोय म्हणाले, ते खोटं होतं.”

“पाणी खरं होतं,” तो म्हणाला. “थंड होतं.”

“घरी गेल्यावर आज बाबांना तुझं नाव सांगणार आहे.”

त्यानं वहीचं पान उलटलं.

आतून त्याची आई, धुरपताबाई, आली. दारात बाई माणूस दिसलं म्हणून हातात घासलेला पितळी तांब्या आणि घरातलाच पेला. नाव नाही, गाव नाही, आधी पाणी पुढं केलं. मग पोराकडं वळून त्यांच्या बोलीत विचारलं, “कुण छ रं?”

अनुश्रीनं पेला दोन्ही हातांनी धरला. या वेळी हात कापत होते. तिला वाटलं, म्हणू दे त्याला ‘कुणी नाही’. निदान देणं फिटेल तरी.

ओमप्रकाशनं लाल पेनाला टोपण लावलं. वह्या सारख्या केल्या. चपला पायात सरकवल्या.

“अरं, पाहुणी कोण म्हनते मी?”

तो अनुश्रीच्या बाजूनं अंगणात उतरला आणि मागं न बघता निघून गेला.