तपासणीच्या दिवशीचा पेशंट

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचा प्रशिक्षित मदतनीस, व्हायला मी लातूर सोडून नांदेडजवळच्या कॉलेजात गेलो. माहितीपत्रकावर चकचकीत इमारत होती. चुलीत घाला ती इमारत! आम्हाला हवे होते पेशंट, आणि वॉर्ड कायम रिकामे. तीन वर्षं आम्ही प्लास्टिकच्या पुतळ्यांवर शिकलो.

कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीला कमिटी आली, त्या दिवशी मात्र सगळ्या खाटा भरल्या. लोह्याहून बस भरून धडधाकट माणसं आणून झोपवली होती. माझ्या वाट्याला एक मावशी आली. पहिल्यांदाच जिवंत माणूस मिळालं, म्हणून मी मन लावून तिचा बीपी मोजला. वरचा आकडा दोनशेच्या पुढे! पुन्हा मोजला, तेवढाच. धावत जाऊन सरांना सांगितलं, तर ते माझ्यावरच खेकसले, "ती पेशंट न्हाई, माहीत हाय ना तुला? नॉर्मल लिही."

मी लिहिलं.

कमिटीतल्या साहेबांनी विचारलं, "कोर्समध्ये सगळ्यात काय आवडलं?" पढवलेलं उत्तर मी घडाघडा म्हटलं, "लायब्ररी, सर." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी बसमध्ये चढताना मावशीनं माझा हात धरला. "एवढं मन लावून कुणी तपासलं न्हाई, लेकरा. चांगली हाय ना मी?"

सर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "हाव."