बाबांची शिंक

कॉर्नफ्लॉवरचं सूप शिजायला लागलं की त्या पिठूळ वासाने मला बाबांचं प्रेत आठवतं, खोटं प्रेत. कॉलेजात असताना आम्ही चार मित्रांनी मानपाड्याच्या एका बंद कारखान्यात भुताचा विनोदी पिक्चर काढलेला, गाण्यांसकट. रक्त म्हणजे लाल रंग घातलेली कॉर्नफ्लॉवरची खळ, आतडी म्हणजे उकडलेल्या नूडल्स. प्रेत व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून बाबा झाले. आतडी लोंबकळत ठेवून त्यांनी उठायचं आणि ढोलकीवर नाचायचं होतं. आम्ही त्यांच्या नाकात कापूस घातला, तशी डबा घेऊन आलेली आई ओरडली, "अरे, जिवंत माणसाच्या नाकात कापूस घालतात का? काढा आधी!" बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, मेल्यावर कुठे मजा येणार आहे?" आणि जोरात शिंकले. कापूस उडाला. आई सवयीने म्हणाली, "शतंजीव." तेही रेकॉर्ड झालं. शॉट आम्ही तसाच ठेवला. दर गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये तो पिक्चर लागायचा आणि त्या शिंकेला अख्खा हॉल "शतंजीव!" ओरडायचा. गेल्या वर्षी बाबा गेले. नाकात खरा कापूस घातला, तेव्हा मी रडलो नाही, नुसता त्या कापसाकडे बघत राहिलो. यंदाही पिक्चर लागला. बाबा शिंकले, पण हॉलमध्ये कोणीच ओरडलं नाही. पडद्यावरून तेवढा आईचा आवाज आला, "शतंजीव."