चौथ्या होलची चौकशी

आईनं शोकेस आवरायला काढली आणि त्यातल्या पिवळ्या पडलेल्या गोल्फच्या चेंडूवर बोट ठेवलं. "हा खोटारडा आता जाऊ दे."

बालाघाटजवळच्या खाणीच्या कॉलनीत आम्ही राहायचो तेव्हा बाबांनी तिथल्या मैदानाचा चौथा होल म्हणे एका फटक्यात मारला होता. लांबून मारलेला पहिलाच फटका थेट खड्ड्यात. बऱ्याच खेळाडूंचं आयुष्य याची वाट बघण्यात संपतं. बाबांनी ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आणि प्रत्येक वेळी आई स्वयंपाकघरातून खोकली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. खोकला अजून आहे.

"खरा आहे असं सिद्ध कर, मग राहू दे," आई म्हणाली. वय शहाऐंशी, दयामाया शून्य.

साक्षीदार एकच होता, बाबांच्या काठ्यांची थैली उचलणारा त्यांचा कॅडी सुखराम. तो अजून त्याच गावात असल्याचं क्लबच्या सेक्रेटरीकडून फोनवर कळलं. मग मी बासष्टाव्या वर्षी बाबांच्या गोल्फच्या काठ्या माळ्यावरून काढल्या. लाकडी दांड्यांच्या, परत जाणाऱ्या इंग्रज मॅनेजरनं मागे टाकलेल्या. एकेकीचं नाव ब्रॅसी, मॅशी, निब्लिक. लहानपणी मला ही कुणा मडमेच्या मांजरांची नावं वाटायची. दांडे वाळून कडकडत होते, म्हणून पंधरा दिवस त्यांना जवसाचं तेल चोळलं. माझ्या गुडघ्यांनाही एवढं चोळलेलं नाही.

नागपूरहून सकाळी सहाला निघाले. भंडारा, तुमसर, मग वारासिवनी. गाडीनं साडेचार तास धरा, पोह्यांना थांबलात तर पाच. थांबाच. वारासिवनीच्या बसस्टँडजवळ पोह्यांवर शेव घालून सोबत जिलबी देतात, चाळीस रुपयांत पोट आणि पथ्य दोन्हींचा निकाल. बालाघाटला बाराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाण्याची बादली मागावी लागते आणि ती हसून मिळते.

दुसऱ्या दिवशी तासाभरावरची कॉलनी गाठली. तिचं नाव लिहीत नाही, सेक्रेटरीनं फक्त माझ्यापुरती परवानगी दिली आहे. फाटकाजवळ एक वाळका म्हातारा उभा होता.

"बेबी! तुमी तं बुढ्या झाल्या!"

साहेबांच्या मुली मरेपर्यंत बेबीच. "तुम्ही काय तरुण राहिलात, सुखरामदादा?"

"मी तं थैल्या उचलून उचलून सुकलो. तुमी कायनं झाल्या?"

थैली त्यानं माझ्या हातातून काढूनच घेतली.

इथं हिरवळ शोधू नका. होलभोवती वाळूत जुनं तेल कालवून दाबलेला काळपट गोल असतो, त्याला ब्राउन म्हणतात. खेळून झालं की लाकडी फळी ओढून पावलांचे ठसे पुसायचे. ब्राउनवर अनवाणी जायचं नाही, हा जुना नियम अजून आहे, कारण ते तेल पायाला चिकटून घरोघरी जातं.

पहिल्या होलवर माझा चेंडू दहा पावलं गेला. दुसऱ्यावर निब्लिकचं डोकं दांड्यातून सुटलं आणि चेंडूपेक्षा लांब गेलं. "हा शॉट मस्त होता," सुखरामदादा म्हणाला. तिसऱ्यावर चेंडू सागाच्या झाडीत शिरला. सागाचं एक पान म्हणजे जेवणाचं ताट, त्याखाली चेंडू काय, मांजरसुद्धा सापडायचं नाही. पण मी पोचले तर चेंडू गवताच्या एका झुबक्यावर सिंहासनावर बसल्यासारखा. शेजारी सुखरामदादाची उजवी चप्पल. रिकामी.

"दादा, हा इथं कसा?"

"नशीब, बेबी."

त्याच्या उजव्या पायाची बोटं अजून चिमट्यासारखी मिटलेली होती.

चौथा होल नाल्यापलीकडच्या उंचवट्यावर आहे. मारतो तिथून फक्त झेंड्याचं टोक दिसतं. चेंडू कुठं पडतो हे बघायला कॅडी आधीच पुढे जाऊन उभा राहतो. मी बाबांची मॅशी घेतली आणि चेंडू नाल्यात घातला. मग बाबांच्या त्या फटक्याबद्दल विचारलं. त्यानं मॅशी माझ्याकडून घेऊन दांडा फडक्यानं पुसायला घेतला.

"त्या दिवशी सगळे साहेब हसून राह्यलते. त्यांच्यापाशी लोखंडी काठ्या, आपल्या साहेबाजवळ या लाकडी. म्हणे, यानं गाई हाका. चेंडू आला न बेबी, सुदा झेंड्यापाशी आला. इतका राह्यला." त्यानं चार बोटं दाखवली.

"मग?"

"मंग पाय लागला."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. मले जवळ घेऊन रडले साहेब. आता काय सांगाव त्यायले? म्हणलं, बुढे झाले का सांगीन. मंग तुमची बदली झाली." त्यानं मॅशी थैलीत ठेवली. "तुमी काहून विचारता? घरी माताराम रागावल्या काय?"

उरलेल्या पाच होलवर चेंडू जिथं सापडला तिथूनच मी मारत गेले. निघताना त्याच्या बायकोनं चिन्नोर तांदळाची पिशवी दिली. परतीच्या वाटेवर गाडीभर त्याचा वास होता आणि मी आरशात बघून एका वाक्याचा सराव करत होते.

"खरं आहे," घरी पोचल्यावर मी आईला सांगितलं. "सुखरामदादानं स्वतः पाहिलं. चेंडू सरळ आत." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्यावर दहा वर्षं घेतलेली मेहनत तीन वाक्यांत वाया गेली.

आई तांदूळ निवडत होती. "त्या दिवशी चहाला आला होता तो. व्हरांड्यात चप्पल काढली. डावा पाय स्वच्छ, उजव्याचा अंगठा काळा. माझ्या पांढऱ्या फरशीवर ठसे. चार दिवस घासत होते."

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"फरशी मी पुसते. मला नाही कळणार?"

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"तुझे बाबा त्या संध्याकाळी गाणं म्हणत स्वतः भाजी आणायला गेले. लग्नानंतर पहिल्यांदा. मी कशाला सांगू?" तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "खोकले फक्त."

चेंडू शोकेसमध्ये परत गेला आहे. ठेवताना तो आईनं पदरानं पुसला, आणि शेजारी डोकं उडालेल्या निब्लिकला जागा केली. माझं स्कोअरकार्डही तिथंच लावलं आहे: नऊ होल, एक्याऐंशी फटके, सुखरामदादाच्या पायाचे धरलेले नाहीत. परवा शेजारीण बघून म्हणाली, या वयात कमालच. स्वयंपाकघरातून आई खोकली.