दोन कामांचा बंब

बंबातली राख सकाळी काढावी, तर संध्याकाळी तेवढीच पुन्हा साठलेली असते. भिकाजीच्या बंबाच्या गोष्टींचं तसंच आहे. आम्ही गिरणीतले चार फिटर कुठे बसलो की एक गोष्ट निघते, ती संपते न संपते तोच कुणीतरी म्हणतो, "अरे, ती आईची सांग ना!" चिंचपोकळीच्या चाळीत भिकाजीच्या शेजारची खोली माझी, म्हणून सांगायचं माझ्याच गळ्यात येतं. ऐकणारे हसतात. मला आताशा तेवढं हसू येत नाही.

*

भिकाजीच्या आईचं डावं अंग अर्धांगाच्या झटक्याने गेलं आणि तेव्हापासून तिला सदा थंडी. आम्ही उकाड्याने उघडे बसायचो, ती दोन गोधड्यांत कुडकुडायची. खोलीत शेगडी ठेवली तर धुराने खोकून बेजार. शेवटी गिरणीत बॉयलरचे पाईप जोडता जोडता भिकाजीने डोकं चालवलं. भुलेश्वरच्या तांबटाकडे गेला आणि सांगितलं, नेहमीचाच बंब कर, पण त्याला दोन तोट्या जास्तीच्या लाव. वरच्या तोटीतून गरम पाणी जाईल आणि फिरून खालच्या तोटीने परत येईल. तांबटाने विचारलं, पण जाणार कुठे?

"आईच्या पाठीखाली."

तांबट हातोडी खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिला म्हणे.

*

मोरीत बंब, भिंतीतून पाईप, पलीकडे खोलीत विटांचा ओटा. ओट्याच्या पोटात पाईपाचे वेढे, वर फरशी आणि फरशीवर आईचं अंथरूण. बंब पेटवला त्या दिवशी अर्धी चाळ दारात. आई ओट्यावर पडली, घटकाभर डोळे मिटले आणि म्हणाली, "झिला, माझी भाकरी भाजतंस काय रे?"

दुसऱ्या दिवशी अंथरुणाखाली गोणपाटाचे दोन थर आले, आणि आईचं कुडकुडणं थांबलं. डावा हात मात्र कायम गारच राहिला. आंघोळीचं पाणीही तिला कढत चालत नसे. विसणाचं गार पाणी त्यात भिकाजी स्वतः घालायचा, कोपर बुडवून बघायचा आणि मगच बादली वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातात द्यायचा.

*

बंबाचा नियम एकच. काढलं तेवढं गार पाणी लगेच परत भरायचं. पाणी वरच्या तोटीखाली उतरलं की पाईपातलं फिरणं बंद आणि आईचा ओटा गार! भिकाजी मनाचा मोठा, शेजाऱ्यांनाही आंघोळीला पाणी द्यायचा. एका सकाळी मी घाईत तीन तांबे जास्तीचे घेतले आणि भरायला विसरलो. साबण लावतोय तोच भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "सदू, तीन तांबे जास्ती घेतलंस मां?"

बरोब्बर तीन! आमच्या चाळीत देवाला फसवणारे होते, पण त्या म्हातारीच्या पाठीला कुणी फसवू शकलं नाही.

*

मे महिन्यात या बंबाची बातमी गिरणीतल्या सायबाच्या कानावर गेली. मुंबईच्या उन्हाळ्यात घर तापवणारा हा कोण वेडा, म्हणून त्याने भिकाजीला बोलावून घेतलं आणि कारण विचारलं. भिकाजीचं इंग्रजी म्हणजे नट, बोल्ट आणि व्हॉल्व्ह. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मदर कोल्ड."

दुसऱ्या दिवशी सायबाने बंबासाठी एक चांगला पितळी व्हॉल्व्ह पाठवून दिला. त्याचीही आई तिकडे विलायतेत असणार, असं आम्ही आपलं धरून चाललो.

*

गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली त्या थंडीत तपासणीवाले घराघरांत शिरायचे. कुणाला ताप दिसला की उचलून इस्पितळात. नेलेलं माणूस परत येईल याची खात्री कुणालाच नव्हती. ते आमच्या चाळीत आले तेव्हा आईला अंगणात बाजेवर उन्हाला बसवलं होतं. डॉक्टरने तिच्या रिकाम्या अंथरुणावर हात ठेवला, तर ते गरम! तापाचा माणूस आत्ताच लपवलाय, म्हणून दुभाष्या आरडाओरडा करायला लागला. भिकाजी पाईप दाखवत होता, पण ऐकतो कोण? शेवटी आईला बाजेसकट आत आणलं. डॉक्टरने नेमका तिचा डावा हात धरला आणि लगेच सोडला.

दुभाष्या म्हणाला, "हिला कसला ताप? ही तर गार आहे."

ते गेल्यावर भिकाजी ओट्याशी बसून रडला. ज्या गारठ्याशी तो दोन वर्षं झगडत होता, त्या गारठ्यानेच त्याची आई त्याच्याजवळ ठेवली होती.

*

थंडी सरता सरता, एका रविवारी, पेज घेऊन आई पडली ती दुपारी उठेना. वहिनींनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा भिकाजी आईच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. गरम आहे, झोपलीय, म्हणाला. वैद्यबुवांनी येऊन नाडी पाहिली आणि तिला भुईवर घ्यायला सांगितलं. भिकाजी हटेना.

"खाली गार आसा," तो म्हणाला.

मी आणि वैद्यबुवांनी तिला उचलून खाली घेतलं. भिकाजी तिचा उजवा हात धरून बसला. तासाभरात तोही हात डाव्यासारखा झाला, तेव्हा त्याने तो हळूच खाली ठेवला.

बंब विझवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. बायका शेवटच्या आंघोळीची तयारी करून थांबल्या होत्या. भिकाजी उठला, मोरीत गेला, बादलीत पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलं आणि गार पाण्याचा तांब्या मागितला.

शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आता विसण कशाला?"

"कढत तिका सोसना नाय."

विसण घालून त्याने बादली बायकांकडे दिली. मग काढलं होतं तेवढं गार पाणी बंबात परत भरलं, आणि दोन कोळसे घातले.